दोन गुंजा पाणी

सराफाच्या तराजूत पृथ्वी ठेवता आली असती आणि तिचे वजन बरोबर एक किलो धरले असते, तर दुसऱ्या पारड्यात तिच्यावरील सर्व महासागरांचे पाणी किती भरले असते? भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली असल्याचे वाचलेला विद्यार्थी बहुधा अर्धा किलो म्हणेल, व्यवहारी गृहस्थ सावधपणे पन्नास-शंभर ग्रॅमवर थांबेल. वस्तुतः उत्तर आहे ०.२३ ग्रॅम. गुंज हे माप आता पेढ्यांवरून उठले असले, तरी जुन्या सराफी घराण्यांतील वडीलधाऱ्यांना ते अजून स्मरते. ९६ गुंजांचा एक तोळा होतो. त्या हिशोबाने किलोभर पृथ्वीमागे पाणी जेमतेम दोन गुंजा. भूगर्भातील खडकांत बांधले गेलेले पाणी त्यात मिळवले, तरी हा आकडा काही पटींनीच वाढतो. समुद्र, नद्या, हिमनग, ढग, विहिरी, सारे काही या दोन गुंजांत आले.

ही मात्रा अल्प आहे म्हणून हळहळण्याचे कारण नाही. ती पाचपन्नास पटींनी अधिक असती, तर पृथ्वीवर जमीनच उरली नसती. दोनशे पटींनी अधिक असती, तर महासागराची खोली शेकडो किलोमीटर झाली असती, आणि तळाशी प्रचंड दाबामुळे पाण्याचे घट्ट बर्फ बनून खडक व पाणी यांच्यामध्ये एक जाड थर आडवा आला असता. खडक आणि पाणी यांचा संबंध तुटणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. हवेतील कार्बन डायॉक्साइड पावसाबरोबर उतरतो, खडक झिजवतो, समुद्रतळाशी चुनखडीच्या रूपाने जमा होतो आणि ज्वालामुखींच्या वाटे पुन्हा हवेत परततो. कोट्यवधी वर्षे चाललेल्या या देवघेवीमुळे पृथ्वीचे तापमान आटोक्यात राहिले आहे. उलट पाणी अगदीच नसते, तर झीज थांबली असती आणि देवघेवही थांबली असती. एखादा ग्रह वसतीयोग्य आहे की नाही, याचा विचार करताना तो ताऱ्यापासून योग्य अंतरावर आहे का, एवढेच सामान्यतः पाहिले जाते. अंतर योग्य असूनही पाण्याची मात्रा चुकली, तर सारे व्यर्थ आहे. आणि ही मात्रा ठरते ग्रहाच्या जन्माच्या वेळी.

आज सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती सहा हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत. ते कसे जन्मतात, हे जाणण्यासाठी आज जन्मत असलेले ग्रहच पाहावे लागतात. चिलीमधील अटाकामाच्या पठारावर, सुमारे ५००० मीटर उंचीवर, ६६ अँटेनांची ‘आल्मा’ ही वेधशाळा आहे. २०१४ साली तिने वृषभ राशीतील एचएल टाउरी या सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या कोवळ्या ताऱ्याचे चित्र टिपले. ताऱ्याभोवती वायू आणि धूळ यांची एक प्रशस्त तबकडी, आणि तिच्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेषांप्रमाणे एकाआड एक उजळ व काळी वलये. ताऱ्याचे वय जेमतेम दहा लाख वर्षांच्या घरातले. एवढ्या लहान वयात तबकडीत अशी घडी बसलेली असेल, अशी अपेक्षा फारच थोड्यांनी केली होती.

त्याहूनही आधीची अवस्था जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मृग नक्षत्राच्या परिसरात, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, हॉप्स-३१५ नावाचा तान्हा तारा आहे. त्याच्या भोवतालच्या तप्त वायूतून सिलिकॉनयुक्त खनिजांचे पहिले स्फटिक थिजू लागल्याचे ‘वेब’ अंतराळ दुर्बीण आणि ‘आल्मा’ यांना आढळले. आपल्या सूर्यमालेतही असे पहिले कण थिजले होते. ते काही उल्कापाषाणांत अद्याप पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसतात आणि त्यांचे वय ४५६.७ कोटी वर्षे भरते. सूर्यमालेची कालगणना याच ठिपक्यांपासून सुरू होते.

अशा तबकडीत भांडवल मोठे दिसते, पण कामाचा माल थोडा असतो. शंभर भागांतले सुमारे नव्व्याण्णव भाग हायड्रोजन व हेलियम, आणि खडक, धातू, बर्फ यांना येऊ शकेल असे द्रव्य फार तर एक भाग. मुदतही तोकडी. बहुतेक ताऱ्यांभोवतीचा वायू काही दशलक्ष वर्षांत विरून जातो. ताऱ्याजवळ उष्णता असल्यामुळे तिथे केवळ खडक व धातू घनरूपात राहतात. विशिष्ट अंतरापलीकडे पाण्याचे बर्फ होते. या सीमेला हिमरेषा म्हणतात. सूर्यमालेत ती साधारणतः मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान, सूर्यापासून चाळीस कोटी किलोमीटरच्या आसपास मानली जाते. अर्थात तबकडी थंड होत गेली तशी ती सरकत गेली. हिमरेषेच्या बाहेर पाण्याची उधळपट्टी आहे. गुरूचा गॅनिमीड हा उपग्रह जवळजवळ निम्मा बर्फाचा आहे, म्हणजे किलोमागे चारपाचशे ग्रॅम पाणी. त्याच तबकडीतून घडलेल्या पृथ्वीच्या वाट्याला मात्र दोन गुंजा.

धुळीचे कण एकमेकांना चिकटून खडे होतात, इथपर्यंत प्रयोगशाळेतही पाहता येते. पुढे एक अडचण येते, आणि तिने अभ्यासकांना अनेक दशके छळले. तबकडीतील वायू स्वतःच्या दाबामुळे किंचित सावकाश फिरतो, घन पदार्थ मात्र पूर्ण वेगाने फिरू पाहतात. त्यामुळे त्यांना सतत समोरून वाऱ्याचा झोत लागतो, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा. धूळ वाऱ्याबरोबरच वाहते आणि पर्वताएवढ्या शिळेला त्याची पर्वा नसते. मधल्यांची मात्र दुर्दशा होते. पृथ्वीच्या अंतरावर असलेला मीटरभर आकाराचा धोंडा या विरोधामुळे वेग गमावून शंभरेक वर्षांत ताऱ्याच्या दिशेने घसरत जातो. १९७७ साली हा हिशोब मांडला गेला, तेव्हापासून ग्रह मुळात घडतातच कसे, हा प्रश्न उभा राहिला. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांनी १९६९ साली मॉस्कोत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लहान ग्रहकांपासून मोठे ग्रह कसे वाढतात, याचे गणित दिलेले होते. पण मूळ ग्रहकच कसे झाले, ही मधली पायरी डळमळीत होती.

२००५ नंतर या कोड्याची उकल दिसू लागली. खडे एकटेदुकटे असले, की वारा त्यांना लोटतो. ते थव्याने आले, की वाऱ्यालाच आपल्याबरोबर ओढतात, त्यामुळे विरोध घटतो, मागून येणारे खडे त्या थव्यात अडकतात आणि थवा दाट होत जातो. अखेरीस तो स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळतो आणि मीटरचा टप्पा न गाठता थेट दहा-शंभर किलोमीटरचा ग्रहक तयार होतो. एकट्यादुकट्याने न साधणारा उद्योग भागीदारीत साधतो, हे व्यापारी घराण्यांना सांगायला नको. खड्यांच्या बाबतीतही तसेच घडते, हे पटवायला मात्र संगणकांना बराच काळ लागला. १ जानेवारी २०१९ रोजी ‘न्यू होरायझन्स’ यानाने प्लुटोच्याही पलीकडील अरोकोथ या ३६ किलोमीटर लांबीच्या पिंडाचे जवळून दर्शन घेतले. दोन गोळे एकमेकांना अलगद टेकून जोडले गेलेले, तडा नाही की चेंगरल्याची खूण नाही. माणसाच्या चालण्याइतक्या मंद वेगाने ते जवळ आले असावेत. थव्याच्या कोसळण्यातून ग्रहक होतात, या मताला त्या एका छायाचित्राने मोठे बळ दिले.

ग्रहक झाल्यावर पाण्याचा प्रश्न ऐरणीवर येतो. हिमरेषेबाहेरचे बर्फाळ खडे सतत आत घसरत असतात. ते सारे आत आले असते, तर पृथ्वी गॅनिमीडसारखी जलमय झाली असती. त्यांना कुणी अडवले? अनेकांचे बोट गुरूकडे जाते. उल्कापाषाणांतील मॉलिब्डेनम व टंगस्टन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले, तर सर्व पाषाण दोन स्पष्ट कुळांत विभागले जातात, जणू ते दोन स्वतंत्र पेढ्यांवर तयार झाले आणि प्रदीर्घ काळ त्यांच्यात मालाची ये-जा झाली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचा अर्थ असा लावला, की गुरूचा गाभा दहा लाख वर्षांच्या आतच पृथ्वीच्या सुमारे वीसपट झाला आणि आतबाहेरची वाट बंद पडली. गुरू हा असा सूर्यमालेचा बांध ठरला. काही अभ्यासकांना हा बांध गुरूने नव्हे, तर तबकडीतील दाबाच्या वाढत्या पट्ट्याने घातला असे वाटते. बांध होता, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही.

दुसरी शक्यता अधिक चमत्कारिक आहे. सूर्यमालेच्या आरंभी अ‍ॅल्युमिनिअम-२६ हे किरणोत्सारी द्रव्य मुबलक होते. ते एखाद्या महाकाय ताऱ्याच्या वाऱ्यातून वा स्फोटातून आलेले असावे. दर सात लाख वर्षांनी ते निम्मे होते आणि त्या काळात भरपूर उष्णता देते. या उष्णतेने लवकर जन्मलेले ग्रहक आतून शिजले, त्यांतील बर्फाची वाफ झाली आणि ती अवकाशात निघून गेली. हे खरे असेल, तर एखाद्या दूरच्या ग्रहावर जमीन असेल की अथांग समुद्र, हे त्याच्या जन्मापूर्वी शेजारी कोणता तारा मेला, यावर अवलंबून राहते. सूर्याच्या वाट्याला असा शेजारी आला. सर्वच ताऱ्यांच्या येतो असे नाही.

आणि मग या कोरड्या पृथ्वीवर दोन गुंजा तरी आल्या कुठून? पूर्वी धूमकेतूंचे नाव घेतले जाई. पाण्यातील साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन यांचे प्रमाण हा त्याच्या मूळ गावाचा शिक्का होय. २०१४ मध्ये ‘रोझेटा’ यानाने ६७-पी या धूमकेतूच्या वाफेत हे प्रमाण मोजले, ते पृथ्वीवरील समुद्राच्या तिपटीहून अधिक निघाले. बाहेरच्या लघुग्रहपट्ट्यातील कार्बनयुक्त पाषाणांशी समुद्राचा शिक्का बऱ्याच अंशी जुळतो. २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी मात्र नवीच बाजू मांडली. पृथ्वी ज्या प्रकारच्या कोरड्या समजल्या गेलेल्या पाषाणांपासून घडली असे मानतात, त्या एन्स्टॅटाइट पाषाणांतच पुरेसा हायड्रोजन आढळला. तसे असेल, तर पाणी बाहेरून आणावेच लागले नाही, ते मूळ मालातच होते. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो केवळ पृथ्वीपुरता नाही. पाणी योगायोगाने आलेल्या अशनींनी आणले असेल, तर इतर ग्रहमालांत ते क्वचितच आढळेल. मूळ खडकातच असेल, तर जिथे खडकाळ ग्रह, तिथे थोडे पाणी, असे म्हणता येईल.

याच ठिकाणी पीडीएस-७० हा तारा महत्त्वाचा ठरतो. नरतुरंग तारकासमूहातील हा तारा सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूर आहे, सूर्याहून थोडा थंड, आणि वय ५४ लाख वर्षे. त्याच्या तबकडीत एक प्रचंड पोकळी आहे आणि त्या पोकळीत दोन महाकाय ग्रह अद्याप वायू गिळत वाढत आहेत. पहिल्याचे प्रत्यक्ष चित्र २०१८ मध्ये मिळाले, दुसऱ्याचा शोध २०१९ मध्ये लागला. २०२१ मध्ये ‘आल्मा’ने दुसऱ्या ग्रहाभोवतीची छोटी तबकडीही दाखवली, जिच्यातून पुढे उपग्रह घडू शकतात. थोडक्यात, गुरूसारखे एक नव्हे, दोन बांध इथे उभे आहेत. पोकळीच्या आत, ताऱ्यालगत, धुळीची आणखी एक लहान तबकडी उरलेली आहे. खडकाळ ग्रह घडायचे असतील, तर ते तिथे. बाहेरचा माल अडलेला आणि आतला ताऱ्याच्या प्रारणाने भाजलेला, म्हणून ही आतली जागा कोरडी असणार, असाच सर्वांचा कयास होता.

जुलै २०२३ मध्ये ‘वेब’च्या निरीक्षणांनी तो कयास मोडला. ताऱ्यापासून सोळा कोटी किलोमीटरच्या आत, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या टापूत, पाण्याची वाफ निःसंशय सापडली. ती कशी टिकली? धुळीच्या आडोशाने प्रारणापासून तिचे रक्षण होत असेल, ताऱ्यालगतच हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने ती नव्याने तयार होत असेल, किंवा बांधाच्या फटींतून बारीक बर्फाळ धूळ झिरपत असेल. तिन्ही वाटा शक्य आहेत. त्या आतल्या तबकडीत अजून ग्रह सापडलेला नाही. पण तो घडलाच, तर घडतानाच त्याच्या आसपास पाणी असेल, अशनींची वाट पाहावी लागणार नाही.

इथे एक गोष्ट वाचकांच्या परिचयाच्या ठिकाणाविषयी. देलवाड्याच्या दर्शनाला अबूवर गेलेली कुटुंबे पुष्कळदा गुरुशिखरापर्यंत जाऊन येतात. त्या शिखराजवळच भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथल्या १.२ मीटरच्या दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ या उपकरणाने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या एका ग्रहाचे वजन केले. परीस असावा तसे नाव असलेल्या या उपकरणाचे काम तराजूचेच आहे. ग्रह ताऱ्याला किंचित हेलकावा देतो, त्या हेलकाव्यावरून त्याचे वस्तुमान निघते. हा ग्रह पृथ्वीच्या सुमारे २७ पट वजनाचा आणि सहापट त्रिज्येचा आहे. त्याचे वर्ष साडेएकोणीस दिवसांचे. त्याच्या वजनाचा ६० ते ७० टक्के भाग बर्फ, खडक, लोह अशा जड द्रव्यांचा असावा. तो वसतीयोग्य मुळीच नाही, तिथे सहाशे अंश तापमान आहे. परंतु आकार आणि वजन दोन्ही कळल्याशिवाय एखाद्या ग्रहाच्या पोटात पाणी किती, याचा अंदाजही करता येत नाही.

हा अंदाज सर्वांत बारकाईने जिथे करता आला, ती ग्रहमाला म्हणजे ट्रॅपिस्ट-१. कुंभ राशीतील हा लालसर तारा सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे. वस्तुमान सूर्याच्या अकराव्या हिश्शाएवढे, आकार गुरूपेक्षा थोडासाच मोठा. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या मिखाएल जिलाँ यांच्या गटाने २०१६ मध्ये त्याच्याभोवती तीन ग्रह जाहीर केले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये संख्या सातवर गेली. सातही ग्रह साधारण पृथ्वीच्या आकाराचे, सातही ताऱ्याच्या इतके निकट, की आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे आणि सर्वांत बाहेरच्याचे १९ दिवसांहून कमी. चौथा, पाचवा व सहावा हे तिघे अशा अंतरावर आहेत, जिथे हवा असल्यास पाणी द्रवरूपात राहू शकेल.

या सातांच्या फेऱ्या एकमेकींशी हिशोबाने बांधलेल्या आहेत. पहिला आठ फेऱ्या घेतो तेव्हा दुसरा पाच. चौथ्याच्या तीन होतात तेव्हा पाचव्याच्या दोन. अशी साखळी आपोआप बसत नाही. हे ग्रह दूर कुठेतरी, बहुधा तिथल्या हिमरेषेपाशी, खडे गोळा करत वाढले आणि वायूच्या ओढीने एकामागून एक आत सरकत या ठिकाणी येऊन स्थिरावले, असे मानले जाते. साखळी आजही शाबूत आहे, यावरून आणखी एक निष्कर्ष निघतो. नंतरच्या काळात मोठ्या अशनींचा मारा झाला असता, तर ती केव्हाच तुटली असती. म्हणजे पृथ्वीला उशिरा जे थोडे मिळाले असावे, ते यांना फारसे मिळालेले नाही. त्यांच्याकडे पाणी असेल, तर ते जन्माचेच.

वजन आणि आकार यांच्या मोजमापांवरून सातांची घनता जवळजवळ सारखी आणि तशाच आकाराच्या पृथ्वीपेक्षा सुमारे आठ टक्के कमी निघाली. लोहाचा गाभा लहान असल्यामुळे असे होईल, किंवा पाण्यामुळेही. तराजू इथवरच सांगतो. शिवाय जन्माचे पाणी टिकले का, हा प्रश्न राहतोच. असे लहान लाल तारे तारुण्यात कोट्यवधी वर्षे आजच्यापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी असतात आणि त्यांच्यावर ज्वाळा उसळत असतात. आज जिथे सौम्य ऊन आहे, तिथे त्या काळी समुद्र उकळून जाईल असा दाह होता. वाफेचे विघटन होऊन हायड्रोजन अवकाशात पळून जातो आणि मग पाणी परत होण्याचा मार्गच राहत नाही. सूर्याने पृथ्वीला या बाबतीत फार कमी त्रास दिला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

मार्च २०२३ मध्ये ‘वेब’ने पहिल्या ग्रहाची दिवसाची बाजू मोजली. सुमारे २३० अंश सेल्सिअस, हवेचा मागमूस नाही. जूनमध्ये दुसऱ्याचा निकाल आला. तिथे शुक्रासारखे दाट वातावरण नाही. या दोघांकडून फारशी आशा नव्हतीच, ते ताऱ्याला अगदी खेटून आहेत. खरी प्रतीक्षा चौथ्याची आहे. त्याचा पहिला अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. हायड्रोजनचे मूळ जाड आवरण त्याच्यावर उरलेले नाही, एवढे दिसते. नायट्रोजनसारख्या जड वायूंची हवा आहे, की उघडा खडक, हे त्या निरीक्षणांतून ठरले नाही. ताऱ्यावरील डाग ग्रहाच्या संकेतात मिसळतात आणि दोहोंना वेगळे करणे जिकिरीचे आहे. म्हणून आता एक युक्ती योजली आहे. पहिल्या ग्रहावर हवा नाही हे जवळजवळ निश्चित आहे. तो आणि चौथा एकापाठोपाठ ताऱ्यासमोरून जातात, तेव्हा दोघांचे संकेत शेजारी ठेवायचे आणि पहिल्यात दिसलेले डागांचे दोष चौथ्याच्या संकेतातून वजा करायचे.

चौथा ग्रह दर सहा दिवसांनी आणि काही तासांनी ताऱ्यासमोरून जातो. ते अधिक्रमण सुमारे तासभर चालते. दोघांचा असा योग जुळून येईल तेव्हा दुर्बीण तिकडे वळवायची, तासभराचा प्रकाश साठवायचा आणि पुढच्या योगाची वाट पाहायची, असे काम सध्या चालू आहे.